घरात वाजवायचा छोटा ॲम्प: वॉट मागून विचारा, जॅक आधी हलवा

इलेक्ट्रिक गिटार घरात आली की पहिले दोन-तीन महिने ती ॲम्पशिवाय, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या ॲम्प्लिफायरशिवाय, कोरडीच वाजवली जाते. मग कुणीतरी म्हणतं, "ॲम्पशिवाय काय मजा?" आणि आपण दुकानात जाऊन उभे राहतो. दुकानदार विचारतो, "किती वॉटचा दाखवू?" उत्तर आपल्याकडे नसतं, म्हणून खिशाला परवडतील तेवढे वॉट आपण मागतो.

मीही तेच केलं. डोंबिवलीतल्या वन बीएचकेसाठी ४० वॉटचा ॲम्प उचलून आणला. त्याचा व्हॉल्यूमचा नॉब तीन वर्षांत १ च्या पुढे गेला नाही. १ वर नेला तरी आतून आई ओरडायची, "अरे, हळू!" तिसऱ्या पावसाळ्यात आवाज मधूनच जायला लागला. केबल जरा हलवली की यायचा, सोडली की जायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका दुरुस्तीवाल्या काकांनी मागचे स्क्रू काढले आणि आत बोट दाखवलं. "हे बघा, जॅक, म्हणजे केबल घुसते ते भोक, नुसता बोर्डाला डागलाय. बाहेरून नट नाही. तुम्ही केबल ओढता, ती या टिचभर डागावर ओढता." पाच मिनिटांत त्यांनी तो पुन्हा डागून दिला. पुढच्या वर्षी तो जॅक परत बिघडला.

हे सगळं घेण्याआधी दुकानातच दिसलं असतं, बघायचं कुठे ते ठाऊक नव्हतं एवढंच. ते आता क्रमाने सांगतो.

पायरी १ : वॉटचा हिशेब एकदा मांडून टाका

गिटारचा चांगला १० किंवा १२ इंची स्पीकर १ वॉटवर, एक मीटर अंतरावर, साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज देतो. आपण ९७ धरू. घरात टीव्ही नेहमीच्या आवाजात चालू असेल तर तो ६०-६५ च्या आसपास असतो. म्हणजे टीव्हीइतका आवाज हवा असेल तर १ वॉटपेक्षा ३२ डेसिबल खाली यायचं. दर १० डेसिबलला पॉवर दहापट कमी होते, त्यामुळे ३२ डेसिबल खाली म्हणजे १ वॉटचा दीड हजारावा भाग. छोट्या ॲम्पमधले ५-६ इंची स्पीकर यापेक्षा बरेच मंद असतात. ते १० डेसिबलने कमी धरले तरी लागते ती पॉवर १ वॉटच्या दीडशेव्या भागाएवढी.

दुसरी बाजूही बघून घ्या. वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला 'दुप्पट' वाटायला वॉट दहापट लागतात. तेव्हा १० वॉटचा की २० वॉटचा यावर दुकानात अर्धा तास घालवण्यात काही अर्थ नाही.

मग ही वॉटची हाव आली कुठून? साठच्या दशकातून. तेव्हा सभागृहाच्या लाउडस्पीकरवर मुख्यतः गाणं जायचं, गिटारला अख्खं सभागृह स्वतःच्या जोरावर भरावं लागायचं. व्हॉक्सचा एसी१५ १९५८ सालचा. पुढे प्रेक्षक वाढले तसे ॲम्प वाढले आणि १९६५ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांनी द हू या बँडसाठी १०० वॉटचे ॲम्प बनवले. आज मोठ्या कार्यक्रमातही ॲम्पसमोर माइक लावतात आणि आवाज त्यातून जातो. पण "जास्त वॉट म्हणजे चांगला ॲम्प" ही समजूत मात्र तिथेच राहिली.

घरासाठी ३ ते १५ वॉट पुष्कळ. यापेक्षा मोठा घेऊ नकाच असं नाही, काही मोठ्या ॲम्पना पॉवर कमी करायचा खटका असतो. बॉसच्या कटाना ५० ला अर्धा वॉट, २५ आणि ५० असे तीन टप्पे आहेत. पण तो खटका आहे का, हे विचारूनच घ्या.

एक इशारा. ५ वॉटचा व्हॉल्व्हचा (तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) ॲम्प "छोटा" समजून आणू नका. फेंडरचा जुना चॅम्प ५ वॉटचाच, ८ इंची स्पीकरचा, पण पूर्ण उघडला तर मजला जागा करतो.

पायरी २ : कुठल्या जातीचा हवा ते ठरवा

साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प ही पहिली जात. व्हॉक्स पाथफाइंडर १० (साडेसहा इंची स्पीकर), ऑरेंज क्रश १२ (सहा इंची), फेंडर फ्रंटमॅन १०जी ही या घरातली मंडळी. चार-सहा नॉब, एक स्वच्छ आवाज, एक फाटलेला आवाज, बस. आत ट्रान्सफॉर्मर, मोजके भाग आणि स्पीकरला जोर देणारं एखादं चिप. यातल्या कितीतरी छोट्या ॲम्पमध्ये टीडीए२०३० सारखा पाच पायांचा आयसी असतो. हाच आयसी आपल्याकडच्या जुन्या होम थिएटरांत आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरांत ढिगाने सापडतो, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तो ओळखणारा माणूस मिळतोच. टिकाऊपणाची माझी व्याख्या इथे थोडी वेगळी आहे. कधीच बिघडत नाही तो टिकाऊ, ही झाली जाहिरातीतली व्याख्या. गल्लीतला माणूस उघडून नीट करू शकतो तो टिकाऊ, ही माझी.

दुसरी जात डिजिटल मॉडेलिंगची. आत छोटा संगणकच असतो, जो दहा प्रकारच्या ॲम्पांची नक्कल करतो. रोलंड मायक्रो क्यूब, बॉस कटाना मिनी, यामाहाची २०११ साली आलेली टीएचआर मालिका, आणि मोबाइल ॲपवर चालणारे अलीकडचे कितीतरी. हळू आवाजात यांच्यासारखं कुणी वाजत नाही, हे मान्यच करावं लागेल, कारण ते त्यासाठीच बनवलेत. इको, रिव्हर्ब, ट्यूनर सगळं आतच. नवख्याला सहा महिने वेगळं काही घ्यावं लागत नाही. फक्त बोर्ड इतका बारीक असतो की बिघडला तर बहुतेक वेळा "अख्खा बोर्ड बदला" हेच उत्तर मिळतं. ॲपवर अवलंबून असलेला घेत असाल तर दुकानदाराला एकच विचारा, "फोन नसताना हा वाजतो का? नॉबवरून काय काय बदलता येतं?" फोन आपण तीन-चार वर्षांनी बदलतो, ॲम्प दहा वर्षं ठेवायचा असतो.

बॅटरीचंही तसंच. मायक्रो क्यूब किंवा कटाना मिनी सहा पेन्सिल सेलवर चालतात आणि सेल कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतात. आत सीलबंद लिथियम बॅटरी असलेला ॲम्प घेताना ती बदलून मिळते का, आणि बॅटरी मेली तरी ॲडॉप्टरवर ॲम्प चालतो का, हे विचारा. न विचारता घेतलेले दोन ॲम्प मी विद्यार्थ्यांच्या घरी कपाटावर पडलेले पाहिलेत.

तिसरी जात व्हॉल्व्हची. आजोबांच्या रेडिओत असायचे तेच व्हॉल्व्ह. चालू केल्यावर तापून आवाज यायला अर्धा मिनिट लागायचा, आठवतंय? आवाज सुंदर, वादच नाही. पण त्याची खरी चव व्हॉल्व्हवर ताण आल्यावर येते आणि तेवढा ताण द्यायला जो आवाज लागतो तो फ्लॅटमध्ये परवडत नाही. पॉवर व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात. स्पीकर न जोडता चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आतला दाब तीनशे-चारशे व्होल्टचा असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो, म्हणून घरी उघडायचा प्रश्नच नाही. पहिला ॲम्प म्हणून मी व्हॉल्व्ह सुचवत नाही. तिसरा म्हणून जरूर.

आणि आपण गिटार थेट होम थिएटरला लावली तर? लागते, वाजते, पण आवाज दबलेला येतो. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाला) समोर साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो, होम थिएटरच्या ऑक्सचा (बाहेरचा आवाज आत घेणारा) इनपुट त्याच्या पासंगालाही पुरत नाही, त्यामुळे वरचे सूर मरतात. त्यावर डिस्टॉर्शन पेडल (आवाज फाडणारं) लावलं तर गांधीलमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखं ऐकू येतं, कारण गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं गाळून टाकतो आणि घरचा स्पीकर ते सगळं इमानेइतबारे ऐकवतो.

एका खोलीत चार माणसं राहत असतील तर स्पीकर हवाच कशाला, असाही विचार करा. व्हॉक्सच्या ॲम्पप्लगसारखी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी थेट गिटारच्या जॅकमध्ये बसते, दोन छोट्या सेलवर चालते आणि हेडफोनमध्ये ऐकू येतं. वर्षभर एवढ्यावर शिकलेली मुलं मला माहीत आहेत.

पायरी ३ : दुकानात आधी पाठ बघा, मग तोंड

आता मुद्द्याचं. ॲम्प चालू करायच्या आधी तो हातात घेऊन फिरवा. दुकानदार "सर, वाजवून तर बघा" म्हणेल. म्हणू दे.

जॅकपासून सुरुवात करा. गिटारची पाव इंची पिन जिथे जाते तिथे भोकाभोवती धातूचा षटकोनी नट दिसतो का? दिसला तर जॅक पॅनेलला आवळलेला आहे, केबलचा ओढा पॅनेल सोसतं. नुसतं प्लास्टिकचं गुळगुळीत भोक असेल तर बहुतेक वेळा जॅक आतल्या बोर्डाच्या डागांवरच उभा असतो. काही ठिकाणी नटही प्लास्टिकचा असतो, तो नसण्यापेक्षा बरा, धातूच्या तोडीचा नाही. केबल घालून हलकेच वर-खाली करा. जॅक पॅनेलसकट हलला तर ठीक, जॅक एकटाच डुलला तर ॲम्प परत मांडणीत ठेवा. हेडफोनचा छोटा जॅकही असाच तपासा. घरात तो गिटारच्या जॅकपेक्षा जास्त वापरला जाणार आहे आणि बहुधा तोच आधी जातो.

मग नॉब. प्रत्येक नॉब दोन बोटांत धरून आजूबाजूला डोलवा. आतला पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) पॅनेलला नटने आवळलेला असेल तर तो जागचा हलत नाही. दात पडायला आल्यासारखा हलत असेल तर तिथेही सगळा भार बोर्डावर आहे. ॲम्प गाडीच्या डिकीत आडवा पडला आणि नॉबला धक्का बसला की बोर्डाला चीर जाते. नॉब पॅनेलच्या पृष्ठभागापेक्षा आत बसवलेले असतील तर आणखी चांगलं.

खोका लाकडी प्लायचा आहे की भुशाच्या दाबलेल्या फळीचा, हे मागच्या उघड्या कडेवरून किंवा स्क्रूच्या भोकातून कळतं. स्वस्त ॲम्प बहुतेक फळीचेच असतात. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. पण अलिबाग, रत्नागिरी, पणजी, किंवा मुंबईत तळमजल्यावर राहत असाल तर चार पावसाळ्यांत ती फळी खालून फुगते आणि पायाचे स्क्रू सैल होतात. कोपऱ्यांना धातूच्या किंवा जाड प्लास्टिकच्या टोप्या, खाली रबराचे चार पाय, मूठ स्क्रूने आवळलेली. हे सगळं बघायला दोन मिनिटं लागतात.

वीज कुठून येते तेही बघा. मागे वायर काढता येणारा सॉकेट असेल, कॉम्प्युटरला असतो तसा, तर वायर तुटली तरी काम दहा मिनिटांचं. ॲडॉप्टरवर चालणारा असेल तर ॲडॉप्टरवरचे आकडे आत्ताच फोनमध्ये टिपून ठेवा: किती व्होल्ट, किती मिलिॲम्पियर, मधली पिन धन की ऋण. गिटारच्या दुनियेत मधली पिन ऋण असण्याची जुनी पद्धत आहे, घरातल्या इतर बऱ्याच ॲडॉप्टरांची धन असते. घाईत राउटरचा लावलात तर ॲम्प जाऊ शकतो.

पायरी ४ : आता वाजवा, पण हळू

आपली गिटार आणि आपली केबल घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारीवर कुठलाही ॲम्प गोड लागतो. शनिवारी संध्याकाळी जाऊ नका, शेजारी कुणीतरी ड्रम बडवत असतं आणि काहीही ऐकू येत नाही. मंगळवार-बुधवारची सकाळ उत्तम.

सगळे नॉब शून्यावर ठेवून चालू करा. कान स्पीकरजवळ न्या. बारीक सळसळ चालेल, ठळक घूं ऐकू आली तर प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा. तरी जात नसेल तर दुसरा नग मागा.

मग गिटार लावा, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) कमी, बास-ट्रेबल मधोमध, आणि व्हॉल्यूम अगदी थोडा थोडा वाढवा. घरच्या ॲम्पची सगळी परीक्षा याच पाव फेरीत आहे. काही ॲम्प शून्यावर मुके असतात आणि केसभर सरकवलं की एकदम खेकसतात. मधलं काही मिळतच नाही. आपल्याला रोज वापरायचं आहे ते तेच मधलं. नॉब शून्यापासून ३ पर्यंत न्यायला आवाजाला नीट जिना असला पाहिजे, उडी नको. दुकानदाराशी नेहमीच्या आवाजात बोलत बोलत वाजवून बघा. बोलणं आणि गिटार दोन्ही ऐकू येतात, तोच तुमच्या दिवाणखान्याचा आवाज.

त्या आवाजात सूर पातळ, पोकळ वाटला तर लगेच ॲम्पला नावं ठेवू नका. फ्लेचर आणि मनसन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं की आवाज जितका हळू, तितके आपल्या कानाला खर्जाचे सूर कमी ऐकू येतात, अगदी वरच्या टिपेचेही थोडे. म्हणून बास दोन घरं वाढवा, ट्रेबल किंचित. त्याने भरला तर ॲम्प चांगला. बास वाढवल्यावर खोकाच खडखडायला लागला तर नाही. हे तपासायला सगळ्यांत जाड सहावी तार मोकळी छेडा आणि ऐका. जाळी, मूठ, मागची फळी, यातलं काय वाजतंय?

गेन वाढवून डिस्टॉर्शन ऐका, पण त्यात रमू नका. डिस्टॉर्शनमध्ये नवख्याच्या सगळ्या चुका झाकल्या जातात, ॲम्पच्या चुकाही. स्वच्छ आवाजात एक साधा सी कॉर्ड सुटा सुटा वाजवा. सगळ्या तारा वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात.

नॉब एकेक करून पूर्ण फिरवा. नव्या ॲम्पचा पॉट खरखरला तर तो बरेच दिवस मांडणीत धूळ खात होता हे समजा. खरखर घालवता येते, पण किंमत कमी करून मागायला हरकत नाही.

शेवटी हेडफोन. आपलेच न्या. दोन्ही कानांत आवाज येतो का, स्पीकर आपोआप बंद होतो का, आणि डिस्टॉर्शन कानाला टोचतं का? ज्या ॲम्पमध्ये हेडफोनसाठी स्पीकरची नक्कल करणारं सर्किट नसतं त्यात ते होम थिएटरसारखंच गांधीलमाशीचं प्रकरण होतं. रात्री वाजवणार असाल तर ही एक गोष्ट स्पीकरच्या आकारापेक्षा महत्त्वाची आहे. ब्लूटूथचे हेडफोन मात्र विसरा, तार छेडल्यापासून आवाज कानात यायला साध्या ब्लूटूथला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग सहज लागतो आणि तेवढ्यात ताल सुटतो. फोनवरचं गाणं ब्लूटूथने ॲम्पमध्ये सोडून त्याबरोबर वाजवायला हरकत नाही, कारण तिथे उशीर गाण्याला होतो, तुमच्या हाताला नाही.

अकूस्टिक गिटारला पिकअप बसवून हाच ॲम्प चालेल का, असं हमखास विचारलं जातं. चालेल, पण आवाज खोक्यातून आल्यासारखा येईल. त्यासाठी वेगळे अकूस्टिक ॲम्प असतात.

पायरी ५ : वीज आणि अमेरिकेची मावशी

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट. हे इथे सांगायचं कारण असं की न्यू जर्सीहून किंवा बे एरियातून येणारी मावशी "तिथे सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळतो" म्हणून ॲम्प बॅगेत घालून आणते. प्रेमाने आणते. आणि पहिल्याच संध्याकाळी तो आपल्या सॉकेटला लावला की फ्यूज उडतो, नशीब वाईट असेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो.

ॲम्प ॲडॉप्टरवर चालत असेल आणि ॲडॉप्टरवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर काही काळजी नाही, फक्त पिनेचा जोड बदला. ट्रान्सफॉर्मर आतच असेल आणि पाठीवर फक्त १२० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन कन्व्हर्टर लागेल. तो ॲम्पच्या पाठीवर लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट क्षमतेचा घ्या. ते वॉट आवाजाचे नसतात, विजेच्या खपाचे असतात, आणि आकडा मोठा असतो. तरीही ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, म्हणून पाठीवर '५०/६०' आहे का बघा. मावशीला आधीच सांगा: पाठीचा फोटो पाठव, मग घे.

अर्थिंग दुसरी गोष्ट, आणि इथे चेष्टा नको. गिटारच्या तारा केबलमधून ॲम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि तुम्ही त्या तारांना हात लावून बसता. तीन पिनांचा प्लग असेल तर तिसरी पिन तोडू नका, दोन पिनांचा जोड लावून ती फसवू नका. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते. तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर लगेच प्लग काढा आणि वायरमनला बोलवून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तोपर्यंत वाजवायचं नाही.

नुसती घूं येते पण तारांना हात लावला की कमी होते, हा प्रकार वेगळा. ती घरातल्या विजेची घूं गिटार आणि तुमचं शरीर पकडतं, एकाच गुंडाळीच्या (सिंगल कॉइल) पिकअपला घूं जास्त येते. दिव्याचा डिमर, पंख्याचा रेग्युलेटर, फोनचा चार्जर यांच्यापासून दूर बसा, थोडं वळून बघा, आवाज बदलतो. घरच्या इन्व्हर्टरवर दिवे आल्यावर हीच घूं चिडकी होते, तेव्हा बंद करून कोरडंच वाजवा.

लाइट गेली की ॲम्पचा खटका आधी बंद करा. ती परत येते तेव्हा झटक्यासह येते. पाच मिनिटं थांबून मग चालू करा.

पायरी ६ : जुना घ्यायचा असेल तर

साधा ट्रान्झिस्टरचा जुना ॲम्प हा नवख्यासाठी सगळ्यांत शहाणा सौदा आहे, असं माझं मत. वर सांगितलेलं सगळं करा, शिवाय तीन गोष्टी. मागच्या स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर तो उघडला गेलाय. विचारा, काय केलं होतं? उघडणं वाईट नाही, लपवणं वाईट. जाळी निघत असेल तर स्पीकरच्या कागदावर दोन्ही अंगठे समान अंतरावर ठेवून अगदी हलके दाबा. आत खर्र असं घासल्यासारखं वाटलं तर कॉइल वाकडी झाली आहे. तिसरं, अर्धा तास चालू ठेवा. गार असताना गोड वाजणारे कितीतरी ॲम्प तापल्यावर तोंड उघडतात. विकणाऱ्याकडे चहा घ्या, गप्पा मारा, घाई दाखवू नका.

पायरी ७ : घरी कुठे ठेवायचा

थेट जमिनीवर ठेवलात तर खर्ज लादीतून खालच्या घरात जातो आणि तुमच्या कानाला मात्र घोट्याच्या उंचीवरून ऐकावं लागतं, म्हणून तुम्ही आवाज वाढवता. खुर्चीवर किंवा स्टुलावर, खाली जाड गोधडीची घडी, तोंड थोडं वर करून कानाकडे. नुसत्या या बदलाने निम्मी भांडणं मिटतात. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला पाठ टेकवू नका, कोपऱ्यातही नको, तिथे खर्ज फुगतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सोसायटीत कुणी मोजायला येत नाही, पण दहा वाजले की हेडफोन हा नियम घरीच करून टाका. दुपारी दोन ते चार सुद्धा, खालच्या मजल्यावर आजोबा असतील तर.

खिडकीतल्या उन्हात किंवा फ्रिजवर ठेवू नका. ॲम्पमधला सगळ्यांत अल्पायुषी भाग म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, आणि दर १० अंश तापमानवाढीला त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा दुरुस्तीवाल्यांचा ठोकताळा आहे.

पावसाळ्यात न वापरलेला ॲम्प वापरलेल्यापेक्षा लवकर मरतो. आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास चालू केला की आतली ओल उबेने सुकते. ओलीच्या भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. मागून उघडा असेल तर पाठीला बारीक जाळीचं कापड लावा, कारण ऊब बघून आत पाल आणि झुरळं बिऱ्हाड करतात, आणि पालीने बोर्डावर केलेला शॉर्ट मी स्वतः साफ केलाय. झाकायला जुनी सुती ओढणी चांगली, प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरते. चालू असताना काहीच झाकायचं नाही. जाळीच्या कापडावर बुरशीचे ठिपके आले तर कोरड्या ब्रशने, उन्हं असलेल्या दिवशी.

नॉब खरखरायला लागला तर प्लग काढून, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत एक फवारा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत. बिजागरीचं तेल मारू नका. जॅकसाठीही हेच, फवारा पिनेवर मारून पिन दहा वेळा आत-बाहेर करा.

केबल तीन मीटरची पुरे. ॲम्पच्या मुठीतून एक वेढा घालून मग जॅकमध्ये लावा, म्हणजे पाय अडकला तर ओढा मुठीवर येतो. बिलाचं तेवढं लक्षात ठेवा: बरीच दुकानं थर्मल कागदावर देतात, वॉरंटी संपायच्या आत ते कोरं होतं. घरी आल्या आल्या बिलाचा आणि ॲम्पच्या पाठीवरच्या सीरियल नंबरचा एकत्र फोटो काढा, आणि खोका वर्षभर माळ्यावर ठेवा.